पुरेसे आणि पूर्ण

छायाचित्रणाची हौस असलेल्या माणसाच्या आयुष्यात एक प्रश्न केव्हा ना केव्हा येतोच. हातातला लहान, सुटसुटीत कॅमेरा आणि त्याच्यासाठी वर्षानुवर्षे जमवलेली भिंगे सोडून, ज्याला ‘फुल फ्रेम’ म्हणतात त्या मोठ्या संवेदकाच्या कॅमेऱ्याकडे वळावे काय? प्रथमदर्शनी हा प्रश्न दुकानातला वाटतो. पैसे असतील तर घ्यावा, नसतील तर राहू द्यावा, एवढ्यावर तो संपायला हवा. परंतु ज्यांनी हा प्रश्न मनात वागवला आहे त्यांना ठाऊक असते की तो असा संपत नाही. तो महिनोन्महिने रेंगाळतो, रात्री झोप येण्यापूर्वी डोके वर काढतो, घरच्यांशी बोलताना जीभ अडखळवतो. ज्या खरेदीबद्दल माणूस स्वतःशीच युक्तिवाद करू लागतो, तिच्यात पैशांखेरीज आणखी काही गुंतलेले असते. ते काय, याचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रारंभ शब्दापासून करणे इष्ट होईल. ‘फुल फ्रेम’ म्हणजे पूर्ण चौकट. ‘पूर्ण’ या शब्दाला आपल्या भाषेत आणि विचारपरंपरेत मोठे वजन आहे. जे पूर्ण आहे त्यात काही उणे नसते. आणि एकाला पूर्ण म्हटले की दुसरे, कोणी तसे न म्हणताही, अपूर्ण ठरते. लहान संवेदकाचा कॅमेरा बाळगणाऱ्या हौशी माणसाच्या मनातली अर्धी अस्वस्थता या एका विशेषणाने निर्माण केलेली असते. म्हणून ही पूर्णता कोठून आली हे पाहणे आवश्यक आहे.

जर्मनीतील वेट्झलार येथे लाइट्झ यांच्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक नावाचे तंत्रज्ञ काम करीत होते. त्या वेळचे मोठे, काचपट्ट्यांचे कॅमेरे डोंगरावर वाहून नेणे त्यांच्या प्रकृतीला झेपणारे नव्हते. चित्रपटासाठी तयार होणारी ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म त्यांनी कॅमेऱ्यात आडवी सरकवली आणि तिच्यावर २४ मिलिमीटर गुणिले ३६ मिलिमीटर एवढे चित्र उमटवले. १९२५ साली लाइपझिगच्या वसंतकालीन व्यापारी जत्रेत हा कॅमेरा ‘लायका’ या नावाने लोकांपुढे आला. त्या काळच्या जाणत्या छायाचित्रकारांच्या दृष्टीने ही चौकट फार लहान होती आणि तिला ‘मिनिएचर’ असेच म्हटले जाई. आज ज्या चौकटीला पूर्ण म्हणून मान दिला जातो, ती अशा रीतीने एका अशक्त माणसाच्या सोयीसाठी लहान केलेली चौकट आहे.

ती पूर्ण झाली ती पुढे, अंकीय छायाचित्रणाच्या काळात. फिल्मच्या आकाराएवढा संवेदक तयार करणे प्रारंभी अतिशय खर्चाचे होते, म्हणून बहुतेक कॅमेऱ्यांत त्याहून लहान संवेदक बसवले जात. त्यांच्या तुलनेत जुनी २४ गुणिले ३६ ची चौकट ‘पूर्ण’ ठरली. २००२ साली आलेल्या कॅनन ईओएस-१डीएस या पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्याची किंमत सुमारे आठ हजार डॉलर होती. हौशी माणसाला तो प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते. २०१३ साली सोनीचा ए७ सुमारे सतराशे डॉलरना मिळू लागला, आणि जी वस्तू व्यावसायिकाच्याच हातात शोभत असे ती बँकेतल्या कारकुनाच्या आणि शाळेतल्या शिक्षकाच्या आवाक्याच्या सीमेवर येऊन उभी राहिली. अप्राप्य वस्तूबद्दल माणसाला कुतूहल असते, सहज मिळणाऱ्या वस्तूबद्दल तो उदासीन असतो. जी थोड्या ओढाताणीने मिळू शकते, तीच त्याला प्रश्नात पाडते.

दुसऱ्या बाजूला, २००८ साली ऑलिंपस आणि पॅनासोनिक या दोन जपानी कंपन्यांनी ‘मायक्रो फोर थर्ड्स’ ही लहान कॅमेऱ्यांची पद्धती जाहीर केली. तिच्या संवेदकाचे माप १७.३ गुणिले १३ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे २२५ चौरस मिलिमीटर. पूर्ण चौकटीचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर भरते. फरक पावणेचार पटींहून थोडा अधिक आहे. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण छायाचित्रणाच्या इतिहासात तो पूर्वीही एकदा येऊन गेला आहे.

१९४८ च्या जानेवारीत, गांधीजींच्या हत्येच्या दिवसांत, दिल्लीमध्ये हेन्री कार्तिए-ब्रेसों होते आणि होमाई व्यारावालाही होत्या. ब्रेसों यांच्या हाती लायका होता, २४ गुणिले ३६ चा. व्यारावाला त्या काळी स्पीड ग्राफिक आणि रोलिफ्लेक्स हे कॅमेरे वापरीत. रोलिफ्लेक्सची चौरस चौकट प्रत्यक्षात ५६ मिलिमीटर बाजूची असते, म्हणजे लायकाच्या चौकटीच्या साडेतीन पटींहून मोठी. आजचा हौशी माणूस ज्या दरीच्या काठावर उभा राहून घाबरतो, जवळजवळ तेवढीच दरी या दोघांच्या कॅमेऱ्यांत होती, आणि आजची ‘पूर्ण’ चौकट त्या वेळी दरीच्या अलीकडच्या, लहान बाजूला होती. त्या दिवसांची या दोघांची छायाचित्रे आज पाहणाऱ्याला त्यांचे क्षेत्रफळ विचारण्याचे सुचत नाही. छायाचित्रकार कोठे उभा होता आणि त्याने कोणत्या क्षणी बोट दाबले, एवढेच आपण पाहतो.

परंतु येथे थांबून ‘मग आकाराला काही अर्थ नाही’ असा निष्कर्ष काढला तर ती घाई होईल. मोठ्या संवेदकाचा लाभ खरा आहे आणि तो पदार्थविज्ञानाने दिलेला आहे. प्रकाश कणाकणाने येतो आणि हे कण अनियमितपणे पडतात. अंगणात पाऊस सुरू होताना पहिले थेंब कोठे दाट तर कोठे विरळ पडलेले दिसतात, आणि पाऊस पुरेसा झाला की सारे अंगण सारखे ओले होते. तसेच हे आहे. प्रकाश थोडा असला की चित्रावर ती विषमता दाणेदार खवल्यांच्या रूपाने दिसते. तेच दृश्य, तेच छिद्रमान आणि तेवढाच वेळ दिला असता चौपट क्षेत्रफळाचा संवेदक सुमारे चौपट प्रकाश गोळा करतो, आणि प्रकाश चौपट झाला की ही खवल्यांची बाधा प्रकाशाच्या मानाने निम्म्यावर येते. त्याचप्रमाणे चेहऱ्यामागची पार्श्वभूमी विरघळवून टाकण्याची शक्तीही मोठ्या चौकटीत अधिक. लहान संवेदकावर २५ मिलिमीटरचे एफ/१.४ भिंग जे चित्र देते, साधारण तेच मोठ्या संवेदकावर ५० मिलिमीटरचे एफ/२.८ भिंग देते, आणि त्याच्याही पुढे जाण्यास तेथे वाव राहतो.

या लाभाची किंमतही त्याच शास्त्राने ठरवलेली आहे. मोठी चौकट प्रकाशाने भरायची तर भिंग मोठे लागते, आणि काच जड असते. रानातल्या पक्ष्यांसाठी लहान पद्धतीत ३०० मिलिमीटरचे एफ/४ भिंग सव्वा किलोच्या आसपास मिळते. पूर्ण चौकटीत तेवढ्याच दूरचे तेवढ्याच आकाराचे चित्र हवे असेल तर ६०० मिलिमीटरचे भिंग घ्यावे लागते, आणि ते एफ/४ चे असेल तर त्याचे वजन तीन किलोंच्या घरात जाते. ते प्रकाशही चौपट गोळा करते, हे खरे. पण ते खांद्यावर घेऊन ताम्हिणीचा घाट चढणाऱ्याला तो हिशेब पायांनी द्यावा लागतो. म्हणजे एका पद्धतीकडून दुसरीकडे जाणे ही अदलाबदल आहे. काही हाती येते आणि काही हातचे जाते. बाजारात मात्र तिला ‘वरच्या पायरीवर जाणे’ असे म्हणण्याची रीत आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या प्रश्नाला दोन तयार उत्तरे सर्वत्र ऐकू येतात. पहिले असे की, ‘कॅमेरा महत्त्वाचा नाही, नजर महत्त्वाची.’ हे वाक्य ऐकायला थोर वाटते, परंतु ते बहुधा ज्याच्या कपाटात चार कॅमेरे आहेत तोच उच्चारतो. रंध्याला धार नसेल तर चांगला सुतारही लाकूड ओरबाडतो. साधनाला तुच्छ लेखणे हा कौशल्याचा गौरव नव्हे. ज्याला कौशल्य आहे तो साधनाकडे फार बारकाईने पाहतो. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आपण अशा वेळी फेकून मारतो, पण अंगण खरोखर वाकडे असू शकते याचा विचार करीत नाही. नाचणाऱ्याने अंगणाबद्दल बोलूच नये असे त्या म्हणीत कोठेही म्हटलेले नाही. ज्याला नाचता येते त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते, कारण पाय नेमका कोठे अडखळतो हे तो दाखवू शकतो.

दुसरे तयार उत्तर याच्या उलट आहे: ‘साधन चांगले झाले की काम चांगले होईल.’ हे उत्तर उघडपणे कोणी देत नाही, परंतु मनात ते पुष्कळांच्या असते. त्यातला धोका खर्चाचा नाही. धोका असा की, माणूस आपले असमाधान बाहेरून उसने आणतो. आपल्या छायाचित्रात अमुक एक उणीव आहे हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलेले नसते; ते त्याने वाचलेले किंवा ऐकलेले असते. मग तो आपलीच चित्रे दहापट मोठी करून सावलीच्या कोपऱ्यात खवले शोधू लागतो, आणि त्या चित्रात आजीच्या हातावर पडलेला उजेड त्याला दिसेनासा होतो. उसने असमाधान फिटत नाही, कारण त्याला नेमका विषय नसतो. मोठा कॅमेरा आल्यावर ते त्याहून मोठ्याकडे बोट दाखवते, आणि मोठ्याहून मोठे जगात नेहमीच असते.

व्यावसायिकाला या पेचातून सुटण्याचा एक मार्ग असतो. त्याचे कारण त्याच्या बाहेर असते. लग्नमंडपातल्या कमी प्रकाशात काम करावयाचे आहे, ग्राहकाला भिंतीएवढे चित्र हवे आहे, दोन हंगामांत खर्च भरून निघेल. एवढे सांगितले की त्याचा युक्तिवाद पुरा होतो. हौशी माणसाला असे कोणतेही बाह्य कारण नसते. त्याने चित्र काढलेच पाहिजे असे कोणी म्हटलेले नसते. तो ते आपण होऊन काढतो, आणि म्हणून साधनाचे कारणही त्याने स्वतःच्या आतूनच द्यावे लागते. हे त्याचे स्वातंत्र्य आहे आणि तीच त्याची जबाबदारीही आहे.

आपल्या भाषेतील दोन शब्द येथे उपयोगी पडतात. ‘हौस’ हा शब्द अरबी-फारसीतल्या ‘हवस’ या शब्दावरून आला. त्यात इच्छा आहे, ओढ आहे आणि थोडे बेभानपणही आहे. ‘हौसेला मोल नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा तिला हिशेबाच्या बाहेर ठेवतो. दुसरा शब्द ‘छंद’. त्याचा अर्थ आवड, मनाची प्रवृत्ती. आणि त्याच्याच जोडीचा छंद म्हणजे वृत्त, मात्रांची आणि यतीची शिस्त. आवड आणि मर्यादा या दोन गोष्टी एकाच ध्वनीत नांदाव्यात, ही भाषेने आपल्याला दिलेली मोठी सूचना आहे. हौस वस्तूने पुरवता येते. छंद मात्र जोपासावा लागतो, आणि जोपासणे म्हणजे एखाद्या बंधनात दीर्घकाळ राहून त्या बंधनातल्या शक्यता ओळखणे होय.

आपल्या देशातील छायाचित्रणाचा प्रारंभ पुष्कळ अंशी अशा छांदिष्टांनीच केला. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा तिच्यात डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखे, वैद्यक शिकलेले आणि छायाचित्रणाच्या नादी लागलेले गृहस्थ होते. राजा दीनदयाळ हे इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करीत असताना १८७४ च्या सुमारास हौस म्हणून कॅमेऱ्याकडे वळले; कीर्ती आणि राजदरबार हे सारे नंतरचे. ‘हौशी’ हा शब्द आज आपण ‘कच्चा’ या अर्थाने वापरतो, पण या माणसांकडे पाहिले असता त्याचा मूळ अर्थ ध्यानात येतो: ज्याला कोणी भाग पाडलेले नाही असा.

तेव्हा हौशी माणसाने स्वतःला काय विचारावे? माझ्या मते एकच गोष्ट विचारावी: जुन्या कॅमेऱ्याने मला जे चित्र नाकारले, त्या चित्राचे नाव मला सांगता येते काय?

दोन उदाहरणे घेऊ. कार्ल्याच्या लेण्यातील चैत्यगृह अंधारे आहे. प्रवेशावरच्या घोड्याच्या नालासारख्या गवाक्षातून उजेड आत येतो, तो खांबांच्या दुहेरी रांगेवरून ओसरत स्तूपापर्यंत पोचतो, आणि वरच्या कमानीतल्या प्राचीन लाकडी फासळ्या अर्धवट काळोखात राहतात. येथे उभा असलेला माणूस म्हणेल की, अंधार आहे, म्हणून मोठा संवेदक हवा. पण हे खांब दोन हजार वर्षे हललेले नाहीत. आजच्या लहान कॅमेऱ्यांत हाताचा कंप भरून काढण्याची सोय असते. श्वास रोखून, खांबाला टेकून अर्धा सेकंद झडप उघडी ठेवली तरी चित्र स्थिर येते. येथे कॅमेऱ्याने काहीच नाकारलेले नाही. जे हवे आहे ते सबुरीने मिळण्यासारखे आहे.

आता दुसरे दृश्य. घरापुढच्या मांडवात रात्री गोंधळ चालला आहे. दिवट्या पेटल्या आहेत, संबळ घुमते आहे, तुणतुण्याची तार लागली आहे, आणि गोंधळी गिरकी घेतो त्या क्षणी त्याच्या अंगरख्याचा घेर फुलतो. येथे हाताचा कंप थांबवून उपयोग नाही, कारण हलतो आहे तो माणूस. झडप सेकंदाच्या शंभराव्या-सव्वाशेव्या भागात मिटली पाहिजे. दिवटीचा उजेड वाढवता येत नाही. आणि फ्लॅशचा लखलखाट केला तर ज्या उजेडासाठी आपण आलो तोच मरतो, शिवाय देवीपुढे जमलेल्या लोकांच्या श्रद्धेत आपण विनाकारण घुसतो. ज्याने अशा अनेक रात्री जागवल्या, आहे त्या कॅमेऱ्याचे सर्वांत तेजस्वी भिंग लावून पाहिले, आणि तरीही ज्याच्या हाती एक तर फराटे आले किंवा खवले आले, त्याला आपल्या उणिवेचे नाव सांगता येते. त्या माणसाला चौपट प्रकाशाची गरज आहे, आणि तिला चैन म्हणणे अन्यायाचे होईल.

या दोन्ही प्रसंगी अंधार तोच आहे. फरक एवढाच की, दुसऱ्या प्रसंगातील माणूस साधनाच्या सीमेपर्यंत स्वतः चालत गेला आहे. सीमा तिथे आहे असे त्याने ऐकलेले नाही. तो तिला जाऊन धडकला आहे. नैतिक दृष्ट्या महत्त्वाचे आहे ते हे चालत जाणे. आहे त्या साधनाला त्याच्या शेवटापर्यंत वापरणे हा साधनाचा सन्मान आहे, आणि आपल्याला काय हवे आहे हे कळण्याचा माझ्या पाहण्यातला तोच एक भरवशाचा उपाय आहे.

मिरजेच्या तंबोऱ्याचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. मिरजेत तंतुवाद्ये घडवणाऱ्यांची परंपरा पिढ्यान्पिढ्यांची आहे. मंगळवेढे-पंढरपूर परिसरातले भोपळे तेथे येतात आणि त्यांचे तंबोरे होतात. पुरुषाच्या खर्जातल्या आवाजासाठी मोठ्या भोपळ्याचा तंबोरा, स्त्रीच्या उंच पट्टीसाठी लहान, आणि वाद्यांच्या साथीला किंवा प्रवासाला त्याहून लहान तंबोरी, असे त्याचे प्रकार आहेत. लहान तंबोऱ्यावर गाणारी गायिका अपूर्ण वाद्यावर गाते, असे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. वाद्याचे माप गळ्यावरून ठरते. कॅमेऱ्याचे मापही, चित्र काढणाऱ्याचा गळा कोणता आहे, यावरून ठरले पाहिजे. बाजाराच्या शिडीतली त्याची पायरी तेथे विचारात येण्याचे कारण नाही. ज्याचे विषय वाटेत, गर्दीत, एस. टी. च्या खिडकीत आहेत त्याची पट्टी वेगळी; ज्याचे विषय दिवटीच्या उजेडात आहेत त्याची वेगळी.

येथवरचा विचार एकट्या माणसाचा झाला. परंतु साधनाचे वजन नेहमी एकटा माणूसच वाहतो असे नाही. सॅम्युएल बोर्न हा इंग्रज १८६३ साली बँकेतली नोकरी सोडून हिंदुस्थानात आला आणि त्याने हिमालयात तीन मोहिमा काढल्या. १८६६ च्या मोहिमेत मणिरंग खिंडीत, साडेअठरा हजार फुटांच्या आसपास, त्याने चित्रे घेतली. ती ओल्या काचपट्टीची पद्धती होती. पट्टीवर लेप देणे, ती ओली असतानाच चित्र घेणे आणि लगेच धुणे हे सारे जागेवरच करावे लागे. त्यासाठी काचा, रसायने, काळोखाचा तंबू असा संसार बरोबर न्यावा लागे, आणि तो डोंगरी हमालांच्या पाठीवर जाई. बोर्नची चित्रे आजही थक्क करतात. त्यांच्याखाली स्थळांची नावे आहेत. ओझे वाहणाऱ्यांची नाहीत.

आजच्या हौशी माणसाच्या मागे हमाल नसतात, पण वाहणारे असतात. कुटुंबाच्या एखाद्या प्रवासाचे पैसे भिंगात जातात. सहलीत सारे पुढे गेल्यावर त्याच्यासाठी कोणी तरी मुलाचा हात धरून थांबते. म्हणून नवे साधन घेण्यापूर्वी ‘मला परवडते काय’ याच्याबरोबर ‘हे कोण कोण वाहणार आहे’ हा प्रश्नही विचारला पाहिजे, आणि ज्यांना वाहावे लागणार आहे त्यांच्याशी मोकळेपणाने बोलले पाहिजे. ज्या खरेदीचा आकडा घरात थोडा कमी करून सांगावा लागतो, ती खरेदी कितीही स्वस्तात झालेली असली तरी महागच म्हणावी लागेल.

आणखी एक वाहणारा असतो, तो म्हणजे ज्याचे चित्र काढले जाते तो माणूस. बाजारात भाजी विकणाऱ्या बाईंपुढे तळहाताएवढा कॅमेरा धरणे आणि कोपरभर लांबीचे भिंग रोखणे या दोन वेगळ्या कृती आहेत. पहिल्या वेळी त्या ‘काय दादा, फोटो काढता का?’ असे विचारतील. दुसऱ्या वेळी पदर सावरून गप्प बसतील. साधन मोठे झाले की दोन माणसांमधले अंतर बदलते. १९४६ साली ‘लाइफ’ या नियतकालिकाच्या छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट पुण्यात गांधीजींचे चरख्याजवळचे चित्र घेण्यासाठी गेल्या, तेव्हा आधी चरखा चालवायला शिका, असे त्यांना सांगण्यात आले. ती अट वरवर विक्षिप्त वाटते. परंतु ज्याचे चित्र घ्यावयाचे त्याच्या कामाची ओळख हाताला असावी, यात छायाचित्रणाचा एक मोठा धडा आहे. त्या ओळखीला संवेदकाचे माप लागत नाही, आणि कोणत्याही मापाचा संवेदक तिची जागा घेऊ शकत नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. हौशी माणसाकडून एवढे कारण मागणे म्हणजे त्याचा आनंद हिरावून घेणे नव्हे काय? चांगले घडवलेले यंत्र हातात धरण्यात, त्याची झडप मिटल्याचा आवाज ऐकण्यात एक निर्मळ सुख असते. ते सुख मला मान्य आहे. अपरिग्रहाचा उपदेश करणे हा या लेखाचा हेतू नाही. अपरिग्रहाचे मापही वस्तूंच्या संख्येपेक्षा मनाच्या पकडीवरून घेणे अधिक योग्य, असे मला वाटते. एखाद्याने ‘मला हा कॅमेरा आवडला, म्हणून मी घेतला’ असे सरळ म्हटले तर त्यात आक्षेपार्ह काही नाही. त्याने सुखाला सुख म्हटले आहे. आक्षेप आहे तो सुखाला गरजेचा वेष चढवण्यावर. कारण तो वेष एकदा चढवला की, पुढे चित्र चांगले का येत नाही या प्रश्नाचे खरे उत्तर शोधण्याची वाट बंद होते. माणूस पहाटे उठत नाही, त्याच जागी दहा वेळा जात नाही, समोरच्या माणसाशी बोलत नाही. आणि हे सारे न करण्याचे खापर तो एका निरपराध यंत्रावर फोडतो. आपल्या उणिवेचा पत्ता चुकीचा लिहिला की तिच्यापर्यंत कोणतेही उत्तर पोचत नाही. या साऱ्या व्यवहारात पणाला लागलेली गोष्ट कोणती असेल तर ती स्वतःविषयीचा हा खरेपणा होय.

शेवटी जुन्या कॅमेऱ्याचे काय करावे, हाही प्रश्न उरतो. पुष्कळ जण तो कपाटात ठेवतात. दमट हवेत भिंगावर हळूहळू बुरशीचे जाळे चढते आणि चार-सहा वर्षांनी तो कोणाच्याच उपयोगाचा राहत नाही. आपल्याला अपुरा पडलेला कॅमेरा शेजारच्या एखाद्या शिकाऊ मुलीला वर्षानुवर्षे पुरून उरेल, ही गोष्ट त्याच्या मालकाला सुचावी. तो तिच्या हाती देताना त्याने आणखी एक गोष्ट सांगावी: कोणती चित्रे या कॅमेऱ्याने आपल्याला दिली आणि कोणत्या चित्रापाशी तो थांबला. हे ज्याला नेमके सांगता येते त्याने मोठ्या चौकटीकडे खुशाल जावे. ज्याला सांगता येत नाही त्याने आहे तोच कॅमेरा घेऊन आणखी काही दिवस बाहेर पडावे. कदाचित ते चित्र त्याला वाटेत भेटेल, आणि कदाचित ते लहान चौकटीत मावण्यासारखेच असेल.